दहावी कडी

हे खरं घडलंय. कुणाचाही विश्वास बसणार नाही, पैज लावतो. माझ्या बायकोचाही बसला नाही, आणि तिने माझ्याशी लग्न केलं, म्हणजे विश्वास ठेवण्यात ती काही कमी नाही.

शुक्रवार होता. दुपारचे तीन. आमच्या कंपनीची टेस्टिंगची खोली. तळमजला, खिडकी नाही.

टेबलावर नवी चिप. तिच्यात एक ऑसिलेटर, म्हणजे चिपचं काळीजच. नऊ कड्यांचं रिंगण. प्रत्येक कडी आधीच्या कडीच्या उलट बोलते. ती 'हो' म्हणाली की ही 'नाही'. आमच्या घरच्यासारखंच. म्हणून कड्या विषम लागतात. सम झाल्या की सगळ्यांचं जमतं आणि रिंगण गप्प बसतं.

सर्किट माझं. लेआउट, म्हणजे चिपवरचा प्रत्यक्ष नकाशा, माझ्या वहिनींचा.

चिप फॅक्टरीतून तयार होऊन येईपर्यंत वहिनी या जगात राहिल्या नव्हत्या.

माझ्या सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चाचणीत, वेग शंभर मेगाहर्ट्झ आला होता.

मीटरवर नव्वद...

व्होल्टेज तपासलं. बरोबर. मीटरचा प्रोब बदलला. नव्वद. एकामागून एक पाच चिपा लावून पाहिल्या.

पाचही नव्वद.

साहेबांना पाच वाजेपर्यंत रिपोर्ट हवा होता. चूक सर्किटची की लेआउटची, एवढंच लिहायचं. म्हणजे माझी की वहिनींची.

मी कागद पुढे ओढला.

तेवढ्यात पंखा थांबला.

दिवे चालू. मीटर चालू. नुसता पंखा...

आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीपाशी आवाज आला.

टक.

ती वहिनींची सवय. कड्या मोजताना नख टेबलावर वाजवायच्या. चुकल्या तर पुन्हा पहिल्यापासून.

टक... टक...

मी मोजत होतो.

सात. आठ. नऊ.

आवाज थांबला. मी श्वास सोडला...

टक.

दहा!

मी चिप मायक्रोस्कोपखाली धरली. रिंगणात दहा कड्या होत्या. दहावी जराशी वाकडी, नखाने ओरखडल्यासारखी. नवाच्या दहा झाल्या, म्हणून शंभराचे नव्वद झाले. गणित चोख बसलं.

मी लिहिलं, 'लेआउटची चूक.' खाली सही केली.

पंखा सुरू झाला...

दादाने, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, तो रिपोर्ट वाचला. त्यानंतर माझ्याशी फारसं कधी बोलला नाही.

वीस वर्षं झाली. अजूनही कुणी टेबल वाजवलं की मी मोजायला लागतो.

इथवर लिहून झालं, तेव्हा पुतणीला वाचून दाखवलं. वहिनींची मुलगी. आता तीही चिपांचे लेआउटच करते. ती खाली मान घालून ऐकत होती आणि तिचं नख टेबलावर वाजत होतं.

नऊ वेळा वाजलं.

मी दहाव्याची वाट पाहिली...

"काका," ती म्हणाली, "दहा म्हणजे सम. मग चिप चाललीच नसती. नव्वद कुठून येणार?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"आईच्या वहीत लिहिलंय. 'भाऊजींना चिठ्ठी दिली. वायरींचा भार धरून सिम्युलेशन पुन्हा चालवायला सांगितलं, वेग कमी येईल.' चालवलं होतंत?"