डोळस अक्षता

लग्नानंतर आठव्या दिवशी केतकीच्या सासरी समकालपट आला. हल्ली नुसता अल्बम कुणी करत नाही. मांडवात वाटायच्या अक्षतांत दाण्याएवढे कॅमेरे मिसळलेले असतात आणि कुणाच्या हातात कुठले दाणे गेले, याची यंत्राकडे नोंद असते. पडद्यावर पाहुण्याचं नाव निवडायचं, की मंगलाष्टकांच्या आसपासच्या त्याच वेळात तो काय करत होता ते दिसतं. एका लग्नाची दोनशे लग्नं होतात. त्यातली बरीचशी न पाहिलेलीच बरी.

शेजारी तिचा नवरा निनाद चहा घेत होता. जांभया देणारे काका, आइस्क्रीमपाशी घुटमळणारा मामेभाऊ, असं दोघांनी हसत पाहिलं. मग केतकीने हेमलताआत्यांचं नाव निवडलं. निनादच्या या आत्यांच्याच हुकमाने सगळं लग्न हललं होतं.

मुठीच्या फटीतून गौरीहर दिसला. केतकी पूजा आटोपून नुकतीच उठली होती. आत्यांच्या मोकळ्या हाताने चांदीची अन्नपूर्णा उचलली, पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. मग त्या केतकीच्या आईला म्हणाल्या, "विहीणबाई, अन्नपूर्णा कुठे ठेवलीत? खोलीत बघा बरं. तिच्याशिवाय मुलीची पाठवणी कशी करणार?"

आई धावत गेली. आत्या मांडवात येऊन निनादच्या कानाशी वाकल्या. "पांढरं कपाळ समोर नको. अक्षता पडेपर्यंत खोलीत गुंतवलंय तिला."

"बरं," पडद्यावरचा निनाद म्हणाला आणि त्याने फेटा सारखा केला.

केतकीने शेजारी पाहिलं.

"दहा मिनिटांचा तर प्रश्न होता," निनाद चहात बिस्किट बुडवत म्हणाला. "आत्यापुढे कोण बोलणार? आणि तुझ्या आईंना कळलंही नाही."

बिस्किटाचा ओला लगदा त्याच्या ओठाला चिकटला होता. केतकीला त्याची किळस आली. मग स्वतःचीही आली. लग्न लागल्यावर अन्नपूर्णा आत्यांनाच 'सापडली', तेव्हा चारचौघांत ती आईवर खेकसली होती, "एक वस्तू सांभाळता येत नाही तुला?" आणि आईने सगळ्यांची माफी मागितली होती.

तिने आईचं नाव निवडलं. बराच वेळ मुठीतला अंधार. बॅगा उपसल्याचे, पलंग सरकवल्याचे आवाज, लांबून मंगलाष्टकं. शेवटचं 'सावधान' झालं आणि मूठ उघडली. दाणे बंद दारावर आपटून फरशीवर पडले. तिथून आई दिसली. दाराकडे तोंड करून, हात जोडून उभी होती. हसत होती. मग डोळे पुसून ती पुन्हा पलंगाखाली वाकली.

फोन वाजला. आईच होती.

"पट आला का गं? माझं नाव नको निवडूस, त्यात काही नाही. माझ्याच वेंधळेपणाने मी तेव्हा मांडवात नव्हते." मग आवाज उजळला. "बरं, ते राहू दे. रविवारी मांडवपरतणीला याल ना, तेव्हा जावईबापूंसाठी गोड काय करू? त्यांना काय आवडतं?"

निनाद दुसरं बिस्किट बुडवत होता.

"सांग ना गं," आई म्हणाली. "काय करू?"