पोलादपूरचे रविवार

दवाखान्यात पाण्याची बाटली भरायला सुप्रिया दोन मिनिटं उठली, आणि परत येऊन पाहते तो आईची खुर्ची रिकामी. शेजारचीही रिकामी. त्या खुर्चीपाशी एक उंच, सावळा तरुण हातात फाईल घेऊन उभा होता.

"तुमचं माणूस पण गेलं?" त्यानं विचारलं.

"आई... तुमचं?"

"बाबा."

महिन्यातून एकदा पुण्याहून विसरण्याच्या आजाराचे डॉक्टर महाडला येत. गर्दी एवढी की कोण उठलं, कोण बसलं कुणाला कळायचं नाही. दोघं धावत बाहेर पडले. बाजाराच्या वळणावर दिसलं... पुढे काखेत छत्री धरलेले त्याचे बाबा, रायबा, मागे त्यांच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरून चाललेली तिची आई, भागूबाई.

"बाबा, चाललात कुठं?"

"म्हशीची धार काढायची हाय. येळ झाला."

"आणि आई, तू गं?"

"रेडकू धरायला कोण नको का?" भागूबाई म्हणाल्या.

सुप्रियाला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरले, म्हणून तिनं तोंड फिरवलं. तो रहदारीच्या बाजूनं चालू लागला... ट्रक तिच्या अंगावर येऊ नयेत म्हणून.

त्याचं नाव स्वराज. कंपनीतली नोकरी सोडून तो वडिलांसाठी कुडपणला, डोंगरावर परतला होता. सुप्रिया महाडला घरीच ब्लाउज शिवायची. तीन वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हापासून आई बाहेर पडली नव्हती. ऐकू येणं कमी झालं, बोलणं कमी झालं. सुप्रिया टीव्ही लावून द्यायची आणि मशीनवर बसायची.

दवाखान्यात परतल्यावर हे तिनं डॉक्टरांना सांगितलं आणि खालमानेनं विचारलं, "माझ्यामुळे झालं का?"

"हा आजार एका कारणानं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण एकटेपणा, दुःख, ऐकू न येणं, वाढलेलं ब्लडप्रेशर, बसून राहणं, यांनी भर पडू शकते. कानाला मशीन लावा. रोज चालवा. माणसांत न्या. रागावू नका, कोंडू नका. घाबरलं की माणूस आणखी गोंधळतं. आजार जाणार नाही. दिवस मात्र बरे जातील."

बाहेर आल्यावर स्वराज म्हणाला, "दर रविवारी मी बाबांना घेऊन पोलादपूरला उतरतो. तुम्ही आईंना आणाल? दोघं चालतील नदीकाठानं."

"दोघंच?"

"त्यांच्या मागं कुणीतरी लागेलच की," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

असे चौदा रविवार गेले. रायबा पुढे, भागूबाई मागे, आणि दहा पावलांवर हे दोघं. भागूबाई पुन्हा बोलू लागल्या. एकदा तर त्यांनी लावणीची गाणी म्हटली, भातलावणीची, एक कडवंही न चुकता. सुप्रिया थक्क होऊन उभी राहिली.

"तुला येतंय त्यातलं काय?" स्वराजनं विचारलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

"मला फक्त काजं-बटणं येतात."

"मग माझ्या सदऱ्याचं बटण लाव. मुद्दाम तोडलंय..."

तिनं ते लावलं. त्याच्या छातीशी वाकून दोरा दातानं तोडला, आणि ती लगेच मागे सरली नाही.

श्रावणात रस्त्यावर दरड आली. दोन रविवार हुकले. कुडपणला फोनला रेंज नव्हती. ती गावाबाहेरच्या कड्यावरच मिळायची. दुपारी रायबा झोपले की स्वराज तिथं येऊन तिला फोन करायचा. दाराला कडी लावायचा नाही. कोंडलं की बाबा घाबरत.

त्या दुपारी धुकं दाट होतं. "ठेवतो गो, बाबा एकटे हायेत," तो म्हणाला.

"दोनच मिनिटं... नको ना ठेवूस," ती म्हणाली.

दोनाची वीस झाली. तो घरी गेला तेव्हा अंथरूण रिकामं होतं. सारं गाव धुक्यात हाका मारत फिरलं. दुसऱ्या दिवशी रायबा दरीत सापडले. शेजारी दुधाची रिकामी चरवी पडली होती.

त्यानंतर स्वराजचा फोन आला नाही. तिनं केलेले लागले नाहीत. रविवार थांबले, आणि भागूबाई झपाट्यानं खालावल्या. गाणी गेली. मग सुप्रियाचं नावही गेलं.

दिवाळीनंतर एका सकाळी तिनं मशीन झाकलं, आईला शाल गुंडाळली आणि कुडपणची जीप धरली.

स्वराज गोठ्यात होता. दाढी वाढलेली, गाल बसलेले. "कशाला आलीस?" त्यानं वर न बघताच विचारलं.

"तू ठेवत होतास फोन. मीच ठेवू दिला नाही." ती गोठ्याच्या दारातच उभी राहिली. "तीन महिने हेच गिळून बसलेय मी. तू मला बोल लावशील म्हणून भीत होते... आणि तू स्वतःलाच खात बसलायस."

"कडी मी उघडी ठेवली."

"त्यांना भीती वाटू नये म्हणून."

"पण गेले ना गो ते!" तो ओरडला, आणि गव्हाणीच्या काठावर मटकन बसला. बाप गेल्यापासून पहिल्यांदा रडला. ती शेजारी बसून राहिली. त्याचा हात शेणानं भरलेला होता, तरी धरला.

बाहीनं डोळे पुसत तो म्हणाला, "माझ्याकडं काय हाय आता? म्हशी, आणि ही आठवण."

"माझ्याकडे आई आहे. उद्या कदाचित मलाही हेच होईल. तरी विचारतेय... मी राहू इथं?"

"जीप चारला सुटते."

"सुटू दे."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "आईंसकट राहा."

दारात भागूबाई उन्हात बसल्या होत्या. दोघं जवळ आले तसं त्यांनी घाबरून विचारलं, "कुणाचं घर रे हे?"

"तुमच्या लेकीचं, मावशी."

भागूबाईंनी सुप्रियाच्या चेहऱ्यावरून नजर फिरवली. नजर कुठंच ओळखीनं थांबली नाही. "मला लेक हाय?"

स्वराज त्यांच्यापुढे उकिडवा बसला, त्यांच्या कानातलं मशीन नीट केलं आणि सावकाश म्हणाला, "हाय. आणि ती हितंच राहणार हाय."