कोऱ्या भिंतीचा वाटा

आमचं स्वतःचं घर झालं तेव्हा मी पहिली मागणी केली ती दिव्यांची. भाड्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी मालकाचं तोंड बघावं लागायचं; आता दर्शनी भिंत अख्खी आमची होती. वर्षअखेरच्या सुट्टीत गल्लीतली सगळी घरं सजतात, पण त्या साध्या माळा, लावल्या की लुकलुकणाऱ्या. मला पिक्सेलचे दिवे हवे होते. त्यातल्या प्रत्येक दिव्याला लॅपटॉपवरून वेगळा हुकूम सोडता येतो.

"तुला जमेल का ते?" आईने विचारलं.

"न जमायला काय झालं!"

असं उत्तर देणं माझ्यासाठी नवीनच होतं. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात तोंड उघडलं तर बाकावर शेजारी बसणारीसुद्धा दचकायची. मग शाळेच्या प्रदर्शनात माझं सिग्नलचं मॉडेल चाललं, लोक दोनदोनदा बघायला आले, आणि तेव्हापासून मी काही गप्प बसलेली नाही. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते मला 'इंजिनीअरबाई' म्हणायला लागले.

या दिव्यांची गंमत अशी की लॅपटॉप एकाच वायरीतून रंगांची रांग सोडतो. पहिला दिवा रांगेतला पहिला रंग स्वतःला ठेवून घेतो आणि बाकीचे पुढे ढकलतो. दुसरा पुढचा ठेवतो. आपल्या वाट्याचं तेवढंच घ्यायचं, अशी शहाणी मंडळी.

सुट्टी लागायला अजून वेळ होता, तेव्हाच चाचणीला मी घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एकेक मोठा दिवा बसवला. आईबाबांच्या खिडकीवर आईचा पिवळा आणि बाबांचा निळा. मग जिन्याची कोरी भिंत, तिच्यावरून नुसती वायर. मग माझ्या खिडकीवर माझा हिरवा, आणि टोकाला धाकट्या बहिणीचा लाल. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती झोपेतसुद्धा एका जागी नसते.

संध्याकाळी सगळे अंगणात उभे राहिले. मी बटण दाबलं.

पिवळा. निळा. माझ्या खिडकीवर लाल. भिंगरीच्या खिडकीवर काहीच नाही.

"तायडे, माझा रंग ढापलास!" भिंगरी किंचाळली.

"गप गं, मी कशाला ढापू तुझा?"

"तुझा हिरवा मधेच कुणीतरी खाल्लाय," बाबा म्हणाले. "म्हणून पुढचा लाल तुझ्याकडे आला आणि शेवटच्याला काही उरलंच नाही. जास्तीचा दिवा राहिलाय का मधे?"

"मधे भिंत आहे, बाबा."

शिडी लावून बाबांनी भिंतीवरची वायर काढली, नवी घातली. पुन्हा तेच. ते शिडीवर जरा जास्तच वेळ थांबले. मग मलाही दिसलं. लागलेल्या दिव्यांपाशी एकही पाखरू नव्हतं. सगळी त्या कोऱ्या भिंतीपुढे, अंधारात, एका जागेभोवती गोल फिरत होती.

बाबा खाली उतरले. "उद्या बघू," म्हणाले, आणि अंगणातला पसारा मलाच आवरायला लागला.

सकाळी आईने एकच डबा भरला. माझा.

"आई, माझा?" भिंगरीने ओट्याला हनुवटी टेकवून विचारलं.

"अगं बाई! डोकं कुठंय माझं!" आई हसली. आम्ही तिला जेवताना त्यावरून भरपूर चिडवलं. दोन दिवसांनी शाळेची व्हॅन भिंगरीला न घेता गेली. ती फाटकात उभी होती, दप्तर पाठीला, हात वर केलेला. व्हॅनवाले काका नंतर आईला पुन्हा पुन्हा सांगत होते, "फाटकात कुणी नव्हतं हो ताई."

आता कुणाला हसू आलं नाही.

मी विचार केला, कुणी वाटा घेतंय ना, मग देऊ या. रांगेत निळ्यानंतर एक पांढरा घातला, कोणाचाच नसलेला. भिंतीवर उजेड पडला नाही, पण माझा हिरवा माझ्याकडे आला आणि भिंगरीचा लाल तिच्या खिडकीवर लखलखला. ती टाळ्या पिटत अंगणभर फिरली. दुसऱ्या दिवशी आईने तिचा डबा आधी भरला. मी स्वतःवर इतकी खूश होते की विचारू नका.

पण संध्याकाळी लाल पुन्हा माझ्या खिडकीवर. पांढरा पुरला नव्हता. मी दोन पांढरे दिले, मग तीन. जेवढे द्यावेत त्याच्याहून एक जास्त त्याला लागायचा, आणि तो भिंगरीचा जायचा.

शेवटी मी सगळंच काढून टाकलं. दिवे, वायर, खिळे. खोकं माळ्यावर. सुटलो एकदाचे, असं वाटलं.

त्या संध्याकाळी आईबाबा भिंगरीला घेऊन बूट आणायला गेले. मी अंगणात जाऊन भिंत बघून आले. भिंतीवर आता काही नव्हतं. पाखरं होती. पहिल्यापेक्षा दाट.

गाडी आली. आई आत आली, पिशव्या ठेवल्या, पाणी प्यायला घेतलं. बाबांनी दार लावलं.

"भिंगरी कुठंय?" मी विचारलं.

आईने माझ्याकडे बघितलं. "कोण?"

तिचा चेहरा अगदी साधा होता. पाहुण्याचं नाव विचारावं तसा. मग तिच्या हातातलं भांडं पडलं, आणि तिच्या तोंडून जो आवाज आला तो मला लिहिता येत नाही.

भिंगरी दुकानात सापडली, बुटांच्या खोक्यांमागे, बंद शटरच्या आत. बडबड करून कान किटवणारी पोरगी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिला कुशीत घेऊन आई रात्रभर तिचं नाव पुटपुटत होती, विसरू नये म्हणून.

दिवे काढून काही उपयोग नव्हता. ते होते तेव्हा निदान रांग माझ्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी मी खोकं खाली काढलं. बाबा शिडी धरून उभे राहिले. मी लॅपटॉपची वायर भिंगरीच्या खिडकीवर नेली, आता पहिला दिवा तिचा. तिथून वायर भिंत टाळून, लांबून फिरवून आईचा. मग बाबांचा. हे सगळे भिंतीच्या आधी.

"आणि हा कुणाचा?" भिंतीपलीकडच्या उरलेल्या एका दिव्याकडे बोट करून बाबांनी विचारलं.

"तो चाचणीचा," मी म्हणाले.

अंधार पडताना बटण दाबलं.

लाल. पिवळा. निळा. भिंतीवरची पाखरं हलली. माझ्या खिडकीवर अंधार.

मी जास्तीचा रंग पाठवला नाही. पाठवून काय होतं ते मला माहीत होतं.

"माझा पहिला! माझा पहिला!" भिंगरीने अंगण डोक्यावर घेतलं. तो आवाज ऐकून आई डोळे पुसत हसली. किती दिवसांनी.

"चला, गारठा वाढलाय," आई म्हणाली. "भिंगरे, पळ आत. अहो, तुम्हीपण या."

दारावर बाबांनी कालच एक दिवा बसवला होता, कुणी पायरीवर आलं की आपोआप लागणारा. भिंगरी गेली, लागला. आई गेली. बाबा शिडी भिंतीला टेकवून गेले.

मी लॅपटॉप मिटत होते.

"आई, थांब, मी आहे अजून," मी म्हणाले. मोठ्यानेच म्हणाले.

आतून कडी लागली. दारावरचा दिवा विझला.

मी पायरी चढले. उभी राहिले. दिव्याकडे बघत हात हलवला. पुन्हा हलवला.

शेजारचं मांजर कुठूनसं आलं, माझ्या दोन पायांमधून सरळ पुढे गेलं, आणि दिवा लागला.