एकवीस दिवसांची कोरी पाटी

२०६३ सालापासून पूर्णाकाठ विद्यापीठात प्राध्यापकपदाची बढती हवी असेल, तर आपला विषय एकदा विसरून दाखवावा लागे. पूर्वी अध्यापकांसाठी उजळणी वर्ग असत. तीन आठवडे व्याख्यानं ऐकायची, दुपारच्या सत्रात पेंगायचं आणि शेवटच्या दिवशी समूहाचा फोटो काढून प्रमाणपत्र घ्यायचं. ते सगळं बंद झालं होतं. प्रशिक्षण केंद्राच्या परिपत्रकात आता एकच वर्ग उरला होता. त्याचं कागदोपत्री नाव 'नियंत्रित विषय-विस्मरण' असं होतं, पण शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे त्याला 'कोरी पाटी' म्हणत.

गणित विभागाच्या डॉ. इंदुमती नारखेडे यांनी तो दोन वर्षं टाळला. त्या चोपन्न वर्षांच्या होत्या आणि तीस वर्षं पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस शिकवत आल्या होत्या. त्यांच्या फळ्यावर कधी खाडाखोड नसे. अकरा वर्षांपासून एका प्रमेयाची सिद्धता त्यांच्या हातात होती, मधल्या दोन पायऱ्या तेवढ्या जुळत नव्हत्या. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायात मात्र दरवर्षी एकच मजकूर येई : मॅडमना सगळं येतं, आम्हाला काही कळत नाही.

"तीस वर्षं कमावलेलं मी तुमच्या हवाली का करू?" केंद्राचे प्रमुख, मेंदुशास्त्रज्ञ डॉ. परवेझ तडवी यांना त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं.

तडवींनी एका कागदावर 'आंबा' असं लिहून तो त्यांच्यापुढे धरला. "मॅडम, याच्याकडे बघा, पण वाचू नका. नुसत्या रेषा बघा."

इंदुमतीबाईंनी पाहिलं. "शक्य नाही."

"पाच वर्षांच्या मुलाला शक्य आहे. एकदा यायला लागलं, की न येणं कसं असतं ते माणसाला आठवतच नाही. याला आम्ही जाणत्याचा आंधळेपणा म्हणतो. तुमचे विद्यार्थी नेमके कुठे अडतात, ते तुम्हाला दिसत नाही. कारण तुमच्या लेखी तिथे अडण्यासारखं काही नाहीच."

मग त्यांनी सगळी पद्धत समजावली. एखादा विषय येतो म्हणजे मेंदूतल्या काही लाख पेशी एकमेकींशी पक्क्या जोडलेल्या असतात. इंदुमतीबाई तीन दिवस गणितं सोडवतील, आणि सोडवताना ज्या पेशी जाग्या होतील त्यांच्यावर एका प्रथिनाची खूण बसेल. मग फक्त खूण असलेल्या पेशींना झोपवायचं. भाषा, माणसं, बाजारातला हिशेब, सगळं शाबूत राहील. एकवीस दिवस त्या आपलाच विषय विद्यार्थ्यांच्या बाकावर बसून शिकतील, आणि बाविसाव्या दिवशी एका इंजेक्शनने जुन्या पेशी जाग्या होतील.

"आणि मी जागंच करून घेतलं नाही तर?"

"महिन्याभरात खुणा विरतात. त्यानंतर त्या पेशी परत उठत नाहीत. म्हणून जागं करण्याची संमती आधीच घेतो. ही सही तुमच्या आत्ताच्या शहाणपणाची."

इंदुमतीबाईंनी सही केली.

पहिल्या दिवशी त्या तिसऱ्या बाकावर बसल्या. फळ्याशी रेश्मा पिंजारी होती, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. समोर पाठ्यपुस्तक होतं आणि मुखपृष्ठावर इंदुमतीबाईंचं स्वतःचं नाव. ते त्यांनी लिहिलंय हे त्यांना ठाऊक होतं. कोणत्या उन्हाळ्यात लिहिलं, टंकलेखन कोणी केलं, तेही आठवत होतं. फक्त आत काय लिहिलंय ते कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी सीमेची व्याख्या आली. 'प्रत्येक धन एप्सिलॉनसाठी असा एक धन डेल्टा अस्तित्वात असतो, की...' एवढं वाचून त्या थांबल्या. ती दोन ग्रीक अक्षरं सोडली तर एकेक शब्द मराठी होता, वाक्य मात्र बंद दारासारखं. शेजारच्या अठरा वर्षांच्या मुलीने भराभर उतरवून घेतलं. रेश्माने विचारलं, "मॅडम, समजलं?" सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. इंदुमतीबाई म्हणाल्या, "समजलं." आणि त्यांनी वहीत डोकं घातलं. शाळेनंतर असं खोटं त्या पहिल्यांदा बोलल्या होत्या.

घरी त्यांची मुलगी सावनी होती. सत्तावीस वर्षांची, भुसावळच्या लोको शेडमधून मालगाड्या चालवायची. बारावीत गणितात नापास झाली आणि त्यानंतर या घरात गणिताचा विषय निघाला नव्हता. आईने तिला शिकवायला बसवलं होतं तेव्हा दर पाच मिनिटांनी एक वाक्य यायचं : "अगं, हे तर उघड आहे!" ते सावनी विसरलेली नव्हती.

त्या दिवशी दुपारी ड्यूटीवरून ती आली, तेव्हा आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडून बसली होती आणि डोळे पुसत होती.

"काय झालं गं?"

"मला येत नाही," इंदुमतीबाई म्हणाल्या. "सव्वा तास झाला. एका वाक्यावर अडलेय."

सावनीने हात धुतले, खुर्ची ओढली आणि वाक्य वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिलाही येत नव्हतं, पण न येण्याची तिला सवय होती.

"हे बघ," बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "गाडी रुळांशेजारच्या खुणेवर थांबवायची असते. त्यासाठी ब्रेक लावायची एक जागा ठरलेली असते. तिथून जरा मागेपुढे झालं, तर गाडी खुणेच्या जरा मागेपुढे थांबते. आता तू सांग, खुणेपासून किती चूक चालेल?"

"एक मीटर."

"मग ब्रेकची जागा मी अमुक इतकी चुकवली तरी चालेल. तेवढी माझी सूट."

"अर्धाच मीटर चालेल म्हटलं तर?"

"तर माझी सूट आणखी कमी. तू कितीही हट्ट कर, वीतभर म्हण, बोटभर म्हण. दर वेळी माझ्याकडे काहीतरी सूट उरतेच."

इंदुमतीबाईंनी वहीतल्या वाक्यावर बोट ठेवलं. "माझा हट्ट म्हणजे एप्सिलॉन," त्या हळूच म्हणाल्या, "आणि तुझी सूट म्हणजे डेल्टा."

"असेल," सावनी म्हणाली, आणि एकदम हसायलाच लागली. "आई, मला कळलं! नऊ वर्षांनी कळलं!"

त्यानंतरचे दिवस त्या घरात नवे होते. सावनीची ड्यूटी संपली की दोघी टेबलाशी बसत. एखादं उदाहरण एकीला सुटे, एखादं दुसरीला, आणि कित्येक दोघींनाही सुटत नसत. तेव्हा सावनी पोहे करी आणि लोको शेडमधल्या गमती सांगे. बारावीच्या निकालाच्या दिवशी ती कुठे जाऊन बसली होती, हेही तिने एकदा सांगितलं. इंदुमतीबाईंनी ते पहिल्यांदाच ऐकलं, कारण त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं. अठराव्या दिवशी वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर चार मुलांना त्यांनी गाडीचं उदाहरण सांगितलं, तर भोवती बघता बघता पंधरा-वीस मुलं जमली. रेश्मा दारातून ऐकत होती. "मॅडम, असं तर मलाही कोणी शिकवलं नव्हतं," ती म्हणाली. शिकवणारं कोण होतं, ते मग तिच्या लक्षात आलं आणि ती ओशाळली.

विसाव्या दिवशी इंदुमतीबाई तडवींकडे गेल्या. "जागं केल्यावर हे सगळं राहील ना? जे मी या तीन आठवड्यांत शिकले ते?"

तडवी म्हणाले, "आठवेल. तारखेवार आठवेल. पण ही पायवाट आहे, मॅडम. शेजारचा हमरस्ता सुरू झाला, की मेंदू पायवाटेने जात नाही. तुम्ही अडला होता हे तुम्हाला माहीत असेल. अडल्यावर कसं वाटत होतं, ते बहुतेक सापडणार नाही."

"मग या वर्गाचा उपयोग काय?"

"अभिप्राय चांगले येतात," तडवी म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान नव्हता.

"मला जागं करू नका."

"सही आहे तुमची."

"ती सही करणारी बाई मी नाही."

"मॅडम, तुम्ही काय सोडताय ते तुम्हाला आज ठाऊक नाही. अकरा वर्षांचं काम आहे. ते तिला ठाऊक होतं, म्हणून कायदा तिची सही मानतो. विसाव्या दिवशी तिघांतला एक अध्यापक माझ्याकडे हेच मागायला येतो."

"आणि बाविसाव्या दिवशी?"

"बाविसाव्या दिवशी आजवर एकानेही तक्रार केलेली नाही."

घरी येऊन इंदुमतीबाईंनी वहीची चार पानं लिहिली. स्वतःलाच पत्र. कुठे अडले, अडल्यावर तेच वाक्य किती वेळा वाचावं लागतं, 'समजलं' कशासाठी म्हणावं लागतं, सावनीने कसं सांगितलं, आणि ती हसली तेव्हा कशी दिसत होती. शेवटी लिहिलं : 'कृपा करून घाई करू नकोस.' वही त्यांनी सावनीकडे दिली. "परवा मला हे वाचायला लाव."

बाविसाव्या दिवशी इंजेक्शनला दोन मिनिटं लागली. उठताना इंदुमतीबाईंना वाटलं, बंद घराच्या सगळ्या खिडक्या कोणीतरी एकाच वेळी उघडल्या. सगळं जागच्या जागी होतं. कालची बाई कशासाठी एवढी रडकुंडीला आली होती, त्यांना आठवत होतं, पण पटत नव्हतं. अभिप्रायाच्या अर्जावर त्यांनी 'अत्यंत उपयुक्त' असं लिहिलं.

दुपारी सावनीने वही समोर ठेवली आणि ती उभीच राहिली. इंदुमतीबाईंनी चारही पानं नीट वाचली. अक्षर त्यांचंच होतं. प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि तरी परीक्षेत दुसऱ्याच कोणाचा पेपर तपासावा तसं वाटत होतं.

"गाडीचं उदाहरण चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "फक्त ते सीमेचं नाही, सातत्याचं आहे. नेमक्या जागी ब्रेक लावल्यावर काय होतं, याच्याशी सीमेला देणंघेणं नसतं. दोन्हींत फरक आहे. हे तर..."

त्या थांबल्या. पुढचे शब्द कोणते, ते दोघींनाही माहीत होते.

"बरोबर असेल तुझं," सावनी म्हणाली. तिने वही मिटली, आपल्या पिशवीत घातली आणि ड्यूटीला अजून दीड तास असताना ती निघाली.

तिला हाक मारावी, असं इंदुमतीबाईंच्या मनात आलं. हाक मारून काय बोलायचं याचा विचार करत त्या खुर्चीत बसून राहिल्या. बसल्या बसल्या नजर टेबलावरच्या जुन्या फायलीवर गेली. अकरा वर्षं न जुळलेल्या त्या दोन पायऱ्यांवर त्यांनी सहज बोट ठेवलं, आणि इतके दिवस झोप काढून ताज्या झालेल्या मेंदूला मधली वाट एकदम दिसली. त्यांनी कागद ओढला. पाऊण तासात सिद्धता पुरी झाली. त्यांनी ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा तपासली. चूक कुठेच नव्हती.

त्यांना फार आनंद झाला. इतका कित्येक वर्षांत झाला नव्हता. फोन हातात घेऊन त्या बराच वेळ नावांची यादी वरखाली करत राहिल्या. हा आनंद कळेल असं माणूस त्यांना त्या यादीत सापडेना.