शेवटचा घोषक

मिरजेच्या परिचय मेळाव्यात एकोणतीस वर आणि चाळीस वधू जमल्या होत्या. ध्वनिक्षेपकापाशी मात्र नेहमीप्रमाणे एकटा श्रीरंग उभा होता. तो गाई, थट्टा करी. मुली हसत पुढे येत, आणि त्याच्या आजूबाजूला बसलेल्या अबोल वरांशी त्यांच्या गाठी जुळत. वधूवर केंद्र चालवणाऱ्या मंदाकिनीबाईंनी आपल्या या मुलाच्या आधारे दहा वर्षे कित्येक विवाह जमवले होते. चौतिसाव्या वर्षीच केस पिकलेल्या श्रीरंगाला मात्र कोणी मुलगी देत नसे.

त्या दिवशी गाता गाता त्याला घेरी आली. संध्याकाळी मायलेक डॉ. हैमवती परचुऱ्यांकडे गेले.

"रातकिड्यांत दोन तऱ्हांचे नर असतात," डॉक्टरकीबरोबरच कीटकांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या हैमवती म्हणाल्या. "एक गातो. त्याच्या गाण्याने मादी येते. पण त्याच सुराचा माग काढीत एक माशीही येते, अंगावर अळ्या सोडते, आणि त्या त्याला आतून पोखरतात. दुसरा गातच नाही. गाणाऱ्याशेजारी दबा धरतो आणि मादीला वाटेतच गाठतो."

"म्हणजे आमच्या मेळाव्यातले जावईबापूच की!" मंदाकिनीबाई म्हणाल्या.

श्रीरंग हसला, आणि हसता हसता खोकू लागला.

पुरुषाच्या देहाचीही मिरवण्याने, पुढाकाराने अशीच झीज होते, हे दोन पिढ्यांपूर्वी कळल्यावर प्रत्येक नवजात मुलाला 'मौनलस' टोचण्यात येऊ लागली. ती मिरवण्याची ऊर्मीच शमवी. आयुष्य वीस वर्षांनी वाढे. तान्ह्या श्रीरंगाला टोचण्याच्या दिवशी ताप होता, आणि मंदाकिनीबाईंनी पुढे ते राहूनच दिले. अशा लसरहितांना 'घोषक' म्हणत. जिल्ह्यात आता तो एकच उरला होता, आणि साऱ्यांच्या वाटचे मिरवणे त्या एकाच हृदयावर आले होते.

"आता टोचली तर?"

"सत्तरी पाहील. पण बाई, गाणाराच नसेल तर शेजारी बसणारे काय करतील? मुली आपण होऊन विचारतात, तर ही मुले नमस्कार करून घरी जातात. सगळेच वाट पाहत बसतील."

"आई," श्रीरंग म्हणाला, "मी फार दमलोय गं."

मंदाकिनीबाईंनी त्याची बाही स्वतःच्या हाताने वर सारली. "टोचा," त्या म्हणाल्या.

दोन महिन्यांनी मेळावा भरला. ध्वनिक्षेपकापाशी कोणी नव्हते. श्रीरंग वरांच्या रांगेत बसला होता; गालांवर तजेला आला होता. शर्वरी नावाची एक शिक्षिका, केवळ त्याच्यासाठी तीन वर्षे येत राहिलेली, धीर करून समोर उभी राहिली.

"तुम्ही लस घेतलीत, आता बाबांची हरकत नाही. करू या ना लग्न?"

श्रीरंगाने तिच्याकडे अत्यंत सौजन्याने पाहिले.

"आपली इच्छा असेल तर," तो म्हणाला. आणि शेजारच्या वरालाही ती नीट दिसावी म्हणून त्याने आपली खुर्ची थोडी मागे घेतली.