तीन पांढरे रुमाल

"माजी रूपी कोनी मारली, तेवढं सांगा," सोमी म्हणाली आणि उंबऱ्यातच बसली.

२०१८चा जानेवारी. डहाणूत खासगी तपास करणाऱ्या जयमालाताईंकडे गंजाडहून अशी तक्रार पहिल्यांदाच आली होती. त्यांचा मावसभाऊ अनिकेत, रेल्वेतला बुकिंग क्लार्क, सुट्टीच्या दिवशी ताईंचा मदतनीस. त्याने लगेच वही उघडली.

सहा वर्षांची रूपी भादव्यात गेली. खोकून खोकून. आता आईच्या खांद्यावरची धाकटी शुक्रीही तसंच खोकत होती.

"संशय कोणावर?"

"भिकावर. रूपी गेली त्याच्या आदल्या दिवाळीला त्यानं विटांची भट्टी लावली. तवापासनं खोकला. मी काय कमी केलं, ताई? धूर येऊ नये म्हणून कुडाची एकेक फट लिंपली. छपराखालची जागा पण बुजवली. रूपीनं पण हात लावला लिंपायला."

"केस सुटली," अनिकेत पुटपुटला. "भट्टी!"

"वही मिट," ताई म्हणाल्या.

गंजाडला भिका भडकलाच. "सगळा पाडा माझ्याकडं बोट दाखवतो. धूर होतो, नाही कोण म्हणतो? पण पाऊस लागला की भट्टी बंद. भादव्यात माझ्या भट्टीत बेडूक होते, बेडूक!"

भट्टी आणि सोमीचं घर, यांच्या मधे धोंडीचं घर. तिची दोन पोरं कोंबडीमागे धावत होती.

"ही खोकत नाहीत?"

"खोकतायत कसली! बोंबलून माझं डोकं खातात."

"शेतात राब भाजतेस ना, सोमीच्या मागेच?"

"भात पेरायचं तर आधी पालापाचोळा भाजायलाच लागतो. पण तो उन्हाळ्यात, चार दिवस." धोंडीने चुलीत लाकूड सारलं. कुडाच्या फटींतून उन्हाचे पट्टे जमिनीवर पडले होते.

सोमीच्या घरात मात्र भर दुपारी काळोख. अनिकेतचं कपाळ वाशावर आपटलं. चुलीच्या वर, लिंपणात, पाच इवली बोटं उमटली होती. बाजूलाच शुक्रीची झोळी.

ताईंनी तीन पांढरे रुमाल बांधले. एक भट्टीच्या कुंपणाला, एक अंगणातल्या चिंचेला, एक झोळीच्या दोरीला.

आठवड्याने दोघं गंजाडला परत निघाली. "आज खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं," ताई वाटेत एवढंच म्हणाल्या.

अंगणात सगळे जमले. ताईंनी रुमाल उलगडले. भट्टीचा करडा. चिंचेचा मळका. झोळीचा काळाकुट्ट.

"भट्टी मारेकरी असती, तर आधी धोंडीची पोरं खोकली असती. ती जवळ राहतात. पावसात भट्टी बंद, राबही नाही, तरी रूपीचा खोकला वाढला. कारण पावसात दार बंद, लाकडं ओली आणि चूल घरात."

"पण ताई," अनिकेत म्हणाला, "प्रदूषण म्हणजे कारखाने, ट्रक..."

"तलासरीच्या हायवेवर ट्रक असतील. उत्तरेत जाळलेली शेतं. हवेतल्या बारीक धुळीचा गुन्हेगार दर मुलखात वेगळा. इथे तो चुलीत बसलाय. धोंडीच्याही चुलीत आहे, पण तिच्या कुडाच्या फटींतून बाहेर पडतो."

सोमीला कळायला वेळ लागला. मग तिचा आवाज अगदी लहान झाला. "मंग... मीच?"

"नाही गं. तू तिला वाचवायला धुराची वाट बुजवलीस." ताई वळल्या. "आणि भिका, तू सुटला नाहीस. तुझ्या धुराला भिऊनच बुजवली तिनं."

भिकाने मान खाली घातली.

सोमीने कोयता उचलला. छपराखालचं लिंपण ढासळलं. मग कूड. उजेड आत आला. चुलीवरच्या पाच बोटांपाशी मात्र तिचा हात थांबला. ती बोटांवर बोटं ठेवून उभी राहिली. अनिकेत चपलांकडे बघत राहिला.

झोळीत शुक्री खोकली.

सोमीने डोळे मिटले आणि कोयता मारला.