बसा, होतच आलंय

ज्या वर्षी माझ्या मुलीला मुलगी झाली, त्या वर्षीच्या थंडीतली ही गोष्ट.

तुम्ही विश्वास ठेवाच, असं माझं म्हणणं नाही. पण ही ऐकीव नाही. त्या गाडीत मी स्वतः होतो. लिहायला मी फार उशिरा शिकलो, तेही मुलीने शिकवलं म्हणून. त्यामुळे जसं घडलं तसंच साधं लिहितो.

नात दिवस भरायच्या आधीच जन्मली. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की डिसेंबर संपेपर्यंत कुणीही बाळाला बघायला यायचं नाही.

मुलगी शहरात, आम्ही इकडे. बायकोला घर खायला उठलं.

मी जन्मभर गाड्यांना पाटे बसवले. चाकांच्या वर लोखंडी पट्ट्या असतात, ज्यांच्यावर गाडीचं वजन झुलतं, ते पाटे. काम सोडल्यावर मी एका बेकरीवाल्याची जुनी व्हॅन घेतली. आत झोपायला फळी टाकली, शेगडी बसवली, बसायला एक बाक केला, पाण्याची टाकी लावली. बायकोची पाठ दुखायची, म्हणून पाटे मुद्दाम मऊ ठेवले. डाव्या दाराच्या पायरीवर कुणी पाय ठेवला की गाडी डावीकडे कलायची. माणूस आत आला की परत सरळ व्हायची.

"समुद्राच्या कडेकडेने हळूहळू जाऊ," मी म्हटलं. "वर्ष संपेपर्यंत पोचतोच शहरात."

"आणि स्वयंपाक कोण करणार?"

"तू."

"म्हणजे माझ्या स्वयंपाकघराला चाकं लावलीत, एवढंच केलंत ना?"

पण निघाली. हसतच निघाली.

बायको शिवणकाम करायची. मशीन घरातच होतं, त्यामुळे दिवसभर कुणी ना कुणी दार वाजवायचं. ही मान वर न करता म्हणायची, "या, उघडंच आहे." गिऱ्हाईक घाई करायला लागलं की म्हणायची, "बसा, होतच आलंय." तोवर कापड कापलेलंही नसायचं. पण गिऱ्हाईक बसायचं. तिच्या आवाजातच तसं काहीतरी होतं.

सुरुवातीचे दिवस छान गेले.

मग वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी आम्ही एका रिकाम्या किनाऱ्यावर थांबलो. उन्हाळ्यात तिथे गर्दी होत असावी. आता सगळ्या टपऱ्या बंद होत्या, त्यांच्यावर ताडपत्र्या बांधलेल्या. माणूस नाही. कुत्रंही नाही. पाण्यावरून धुकं सरकत येत होतं.

समुद्राच्या भिंतीला लागून गाडी उभी केली. थंडी वाजत होती म्हणून दाराला आतून कडी घातली. मी शेगडीवर चहा ठेवत होतो. बायको नातीसाठी पांढऱ्या लोकरीचा स्वेटर विणत होती, शेवटचे टाके राहिले होते.

टक...

टक... टक...

दारावर कुणीतरी बोटांनी वाजवलं.

बायको विणता विणता म्हणाली, "या, उघडंच आहे."

गाडी डावीकडे कलली...

आणि परत सरळ झाली.

दार उघडलं नव्हतं. कडी तशीच होती.

चहा उतू गेला, तरी आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो. मग मी कडी काढून खाली उतरलो. ओल्या वाळूत माझ्या बुटांचे ठसे होते, तिच्या चपलांचे होते. तिसरे नव्हते.

"वारा असेल," मी म्हटलं.

"वाऱ्याला बोटं असतात का हो?"

मी परत कडी घातली.

त्या रात्री आम्हाला समुद्राचा आवाज आला नाही. लाटा वीस पावलांवर होत्या. खिडकीतून त्या फुटताना दिसत होत्या. पण आत आवाज येत नव्हता. जणू आत कुणीतरी कान देऊन ऐकत होतं आणि सगळं स्वतःकडे ओढून घेत होतं.

सकाळी गाडीतली प्रत्येक वस्तू गारठली होती. किटली, चमचे, माझा चष्मा. बायकोने पिशवीतून स्वेटर काढला आणि एकदम हातातून टाकून दिला.

"हात लावून बघा."

मी उचलला...

स्वेटर गरम होता. आत्ताच कुणीतरी अंगातून काढावा तसा. आणि त्याचा इवलासा गळा ताणून ताणून सैल झाला होता. मोठ्या माणसाने डोकं घालून बघावं तसा.

बाहेर एक म्हातारा भिंतीवर बसून जाळं सांधत होता. मी त्याच्याकडे गेलो. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, "काल संध्याकाळी इकडे कोणी आलं होतं का हो?"

त्याने जाळ्यातून मान वर केली नाही. "का? दार वाजलं?"

मी मान हलवली.

"ओ दिलीत?"

"बायकोने दिली. सवयीने."

त्याचे हात थांबले. तो आमच्या गाडीकडे बराच वेळ बघत राहिला. मग जाळं गोळा करून उठला.

"थंडीत इथे दार वाजलं तर आम्ही ओ देत नाही," एवढंच म्हणाला. "वाजवणारं इथे कोणी राहतच नाही ना." आणि गेला. मी हाका मारल्या, पण त्याने मागे वळून पाहिलं नाही.

आम्ही तिथे न्याहारीही केली नाही. तडक शहराचा रस्ता धरला. गाडी चालवताना मला सारखं जाणवत होतं की मागची डावी बाजू दबलीय. जड माणूस बाकावर बसला की दबते, तशी. आरशात बाक दिसत होता.

रिकामा.

पण जसजसं शहर जवळ येत गेलं, तसतसा तो भार कमी होत गेला. मला वाटलं, सुटलो. गेलं ते.

दुपारी मुलीच्या इमारतीखाली गाडी लावली. लख्ख ऊन होतं. शाळेची बस पोरं उतरवत होती. समोर एक माणूस दुकानाची काच पुसत होता. एवढ्या गजबजाटात कसली भीती? मी बायकोला म्हटलं, "चल, नात बघू."

ती मागे बघत होती.

बाकावर स्वेटर बसला होता.

बसलाच होता. उभा, भरलेला, आत अंग असावं तसा. ताणलेला गळा पुन्हा छोटा झाला होता. जिथे मान असायला हवी, तिथे काही नव्हतं.

आम्ही दोघं मागे गेलो. मी दाराशीच थांबलो. बायकोने मात्र पिशवीतून माप घ्यायची टेप काढली.

"अगं, काय करतेस?"

"गिऱ्हाईक आहे. माप घेते."

तिने स्वेटर अलगद ओढून घेतला. तो रिकामा होऊन तिच्या हातात आला. मग तिने बाकाच्या वर, मोकळ्या हवेत, टेप गोल फिरवून दोन्ही टोकं चिमटीत धरली. मला वाटलं, टेप खाली लोंबेल.

टेप लोंबली नाही.

गोल उभी राहिली...

हळूहळू ताणली गेली... सैल पडली... पुन्हा ताणली गेली...

आत काहीतरी श्वास घेत होतं.

बायकोने आकडा वाचला. टेप गुंडाळली आणि मला पुढच्या सीटवर ढकललं.

"काल गळा ताणला होता ना? काल ते मोठं होतं," ती माझ्या कानात म्हणाली. "आज बाळाएवढं झालंय. पोरीने फोनवर सांगितलं होतं ते माप. तेच. दोऱ्याचाही फरक नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, अहो. वर पाळणा एकच आहे."

मला कळायला वेळ लागला. ते नातीची जागा घ्यायला आलं होतं.

तेवढ्यात वरून हाक आली, "बाबा!" मुलीने गॅलरीतून गाडी पाहिली होती. "थांबा, आम्हीच खाली येतो. डॉक्टरांनी ऊन द्यायला सांगितलंय हिला."

मी नको नको म्हणून हात हलवले. तिला वाटलं, मी हात करतोय. तिनेही हात केला आणि आत गेली.

जिन्यावर तिच्या चपला वाजायला लागल्या.

गाडी डावीकडे कलली.

या वेळी सरळ झाली नाही. कललेलीच राहिली. कुणीतरी दाराच्या पायरीवर उभं होतं, उतरायच्या बेतात. बाळाएवढं झालेलं ते, पण गाडी आता कधी नव्हे एवढी झुकली होती. पाटे करकरत होते. माझ्या डोळ्यांसमोर दाराची कडी आपोआप वर उचलली जात होती...

मुलगी इमारतीच्या दारात आली. दुपट्यात गुंडाळलेली नात तिच्या खांद्याशी होती. मला फक्त तिच्या डोक्यावरचं जावळ दिसलं.

बायको बाकावर जाऊन बसली. सुया हातात घेतल्या. आणि रोजच्या, अगदी रोजच्या आवाजात म्हणाली,

"बसा हो. होतच आलंय. तो स्वेटर दुसऱ्याचा होता, तुमचा मी वेगळा करते. बसा."

कडी थांबली.

मग गाडी हळूहळू... फार हळूहळू... सरळ झाली.

"चला," बायको मला म्हणाली.

"अगं, पण पोरगी..."

"चला म्हणते ना."

मी गाडी काढली. आरशात मुलगी फुटपाथवर उभी दिसली. नात एका हातात, दुसरा हात अर्धवट वर. कोपऱ्यावर वळेपर्यंत तो हात तसाच होता.

बायकोने मागे वळून पाहिलं नाही. ती नव्या स्वेटरचे टाके घालत होती.

घरी आल्यावर गाडी अंगणात लावली. ती दिवसभर गाडीत बसायची. जेवायलाही बाहेर यायची नाही. जवळून गेलं की आतून तिचा आवाज यायचा, "बाही राहिलीय फक्त. बसा." मधूनच हसायचीसुद्धा, गिऱ्हाइकाचं मन राखायला हसावं तशी. दुसरा आवाज मी कधी ऐकला नाही. पण ती मध्ये मध्ये थांबायची. कुणाचं तरी ऐकून घ्यावं, तेवढा वेळ.

"होतंय का गं पूर्ण?" मी एकदा विचारलं.

"होऊ देऊन चालेल का?"

"मग मी बसतो थोडा वेळ. तू घरात ये, आडवी हो."

"तुम्हाला टाका तरी घालता येतो का?"

दिवसेंदिवस ती वाळत गेली. बोटं बर्फासारखी गार लागायची. मी डॉक्टर गाडीतच आणला. त्याला काही सापडलं नाही. म्हणाला, यांना उबेत ठेवा.

मुलीचा फोन यायचा. "बाबा, आईला सांगा, दारापर्यंत येऊन नात न बघता परत गेलीस, हे मी विसरणार नाही." मी निरोप द्यायचो. बायको म्हणायची, "रागावू दे. रागावलीय तोवर इकडे येणार नाही." आणि लगेच विचारायची, "बाळ दूध पितं ना? वजन किती झालं?"

एका सकाळी मी चहा घेऊन गेलो. ती बाकावर टेकून बसली होती. सुया मांडीवर होत्या. लोकर संपली होती. तिचा हात धरला, तो दगडासारखा गार होता.

स्वेटर कुठेच नव्हता. मी गाडीची फळीन् फळी उचकटून पाहिली. तो पूर्ण झाला होता की नाही, मला कळायला मार्ग नाही. ते कुठे उतरलं, तेही नाही.

मी मुलीला फोन केला. आई गेली, हे सांगायच्या आधी मी नातीबद्दल विचारलं. "झोपलीय," मुलगी म्हणाली. "का हो बाबा?"

नात आता शाळेत जाते. धडधाकट आहे, बडबडी आहे, माझ्यावर जीव टाकते. मी त्यांच्याकडे राहायला गेलो की ती झोपल्यावर बराच वेळ तिच्याकडे बघत बसतो. जावई विचारतात, काय बघता एवढं? कशाची खात्री करून घेतो, ते मला त्यांना सांगता येत नाही.

मुलीला हे सगळं मी आजवर सांगितलेलं नाही. तिला अजून वाटतं, आईला नात नको होती. आता तिने हे वाचावं.

माझी बायको त्याच थंडीच्या शेवटी, मार्चच्या पहिल्या रविवारी, सकाळी गेली. तिने नातीला एकदाही मांडीवर घेतलं नाही. नात तेव्हा नुकतीच मान धरू लागली होती.